कॉफीची भाजणी: वेगवेगळ्या मुलुखांचे दाणे एका फिल्टरमध्ये

माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या दुकानात पहिल्यांदा गेलं की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. कोणती कॉफी, आणि चिकोरी (कॉफीत मिसळायची एका मुळाची पूड) किती? मागच्या पाटीवर लिहिलेलं असतं: प्लांटेशन ए, पीबी, रोबस्टा. आपल्या पुढच्या आजी सवयीने सांगून मोकळ्या होतात, "ए आणि पीबी अर्धं-अर्धं, वीस टक्के चिकोरी." आपली पाळी आली की आपण म्हणतो, "तुम्हीच द्या चांगली." मी कितीतरी वर्षं हेच म्हणत होते. कॉफी चांगलीच मिळायची, पण ती चांगली का लागते हे कधी कळलं नाही, आणि एखाद्या महिन्यात बिघडली तर नेमकं काय बिघडलं तेही सांगता यायचं नाही.

घरी मिश्रण करायला लागल्यावर हे कळू लागलं. त्यासाठी भाजायचं यंत्र नको, मोठा खर्चही नको. तीन प्रकारचे भाजलेले दाणे, एक छोटा वजनकाटा, हाताने फिरवायची चक्की आणि घरातला स्टीलचा किंवा पितळेचा, एकावर एक दोन भांड्यांचा फिल्टर एवढं पुरतं. मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं: मिश्रणातल्या प्रत्येक दाण्याला एक काम नेमून द्यायचं, ते काम तो करतो की नाही हे आधी त्याला एकट्याला चाखून बघायचं, आणि प्रमाणाचा विचार त्यानंतर करायचा. बहुतेक जण सुरुवातच "साठ-चाळीस की सत्तर-तीस" अशी करतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

थालीपीठाची भाजणी ज्यांनी घरी केली आहे त्यांना पुढचं सगळं सोपं जाईल. आपण तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे एकाच कढईत ओतून भाजत नाही. प्रत्येकाला लागणारी आच वेगळी, वेळ वेगळा. वेगळं भाजायचं, गार झालं की एकत्र करायचं आणि मग दळायचं. कॉफीतही घरच्यासाठी हाच क्रम बरा. रोबस्टाचा घट्ट दाणा आणि डोंगरातला अरेबिका एकाच भाजणीत टाकले तर एक कच्चट राहतो नाहीतर दुसरा करपतो. म्हणून भाजलेले दाणे वेगवेगळे विकत घ्यायचे आणि मिसळायचे ते घरी.

कोणाचं काम काय

भारतात मुख्यतः कॉफीच्या दोन जाती पिकतात, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर चांगला येतो, रोबस्टा त्याखाली. अरेबिकात कॅफीन सव्वा ते दीड टक्क्याच्या आसपास, रोबस्टात सव्वादोन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अरेबिकात साखर आणि तेल जास्त, म्हणून वास आणि गोडसर आंबटपणा त्याच्याकडून येतो. रोबस्टाकडून येतो कडवटपणा, दाटपणा आणि वरचा फेस.

रोबस्टाला आपल्याकडे कमी लेखायची पद्धत पडली आहे. "शंभर टक्के अरेबिका" असं पाकिटावर छापलं की ते आपोआप भारी ठरतं. काळी कॉफी पिणाऱ्यासाठी त्यात तथ्य असेल, पण दुधाच्या कॉफीत मला हे मुळीच पटत नाही. म्हशीच्या दुधाची साय आणि गोडवा यांच्याखाली मध्यम भाजलेला नाजूक अरेबिका दबून जातो. त्या दुधाला भेदून वर येणारी चव लागते आणि ती चांगला रोबस्टा देतो. अट एकच, तो चांगला असावा. पाकिटावर 'रोबस्टा पार्चमेंट' असं लिहिलेलं असेल तर फळाचा गर काढून, धुऊन तो वाळवलेला असतो. 'रोबस्टा चेरी' म्हणजे अख्खं फळ तसंच उन्हात वाळवून मग फोडलेलं. चेरीत रांगडा, लाकडासारखा वास जास्त येतो. मिश्रणासाठी मी पार्चमेंट घेते. वायनाड आणि कोडगू ही रोबस्टाची दोन खात्रीची ठिकाणं. वायनाडच्या रोबस्टाला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

अरेबिकासाठी चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, कोडगू आणि आंध्रातलं अराकू खोरं असे पर्याय आहेत. या चारही ठिकाणच्या अरेबिकाला त्याच वर्षी मानांकन मिळालं. बाबाबुडन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून ज्या डोंगरात लावल्या असं सांगतात, तीच ही बाबाबुडनगिरी. 'प्लांटेशन' म्हणजे धुतलेला अरेबिका. त्यापुढचं एए, ए, बी हे दाण्याचं आकारमान आहे, चवीचा दर्जा नव्हे, हे मला फार उशिरा समजलं. पीबी म्हणजे पीबेरी. एरवी एका फळात दोन चपट्या बिया असतात, पीबेरीत एकच गोल बी तयार होते. ती जास्त चवदार असते असा समज आहे. मला तसा नेमाने अनुभव आला नाही, पण गोल असल्यामुळे ती एकसारखी भाजली जाते हे खरं.

पाकिटावर झाडाचा वाण दिलेला असेल तर तोही बघा. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, आणि आपल्याकडचे बरेचसे वाण तिथूनच आलेले आहेत. एस. ७९५ हा समतोल चवीचा, मिश्रणाचा पाया म्हणून उत्तम. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाच्या झाडाचा वंश आहे, त्याचा वास मला जास्त फुलांसारखा वाटतो.

तिसरा भिडू म्हणजे मॉन्सून्ड मलबार. याची गोष्ट कोकण-मलबारच्या पावसाशी जोडलेली आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात इथली कॉफी युरोपला पोचायला महिनेच्या महिने लागत. वाटेत समुद्राची दमट हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळट व्हायचे आणि आंबटपणा निघून जायचा. आगबोटी आल्या, सुएझचा कालवा झाला, प्रवास आखूड झाला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव सापडेना. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर दाणे पसरून, हलवत राहून मुद्दाम तोच परिणाम साधायला सुरुवात झाली. जून ते सप्टेंबर हे काम चालतं. या कॉफीत आंबटपणा जवळजवळ नसतो, अंग (जिभेवर जाणवणारा दाटपणा) भरपूर असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखी एक चव असते. एकटी प्यायला मला ती जड वाटते, पण मिश्रणात थोडी घातली की बाकीच्यांच्या कडा गुळगुळीत करते.

आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. मेळघाटात गेलात आणि दाणे मिळाले तर शंभर ग्रॅम जरूर आणा आणि खाली सांगितल्याप्रमाणे आधी एकटे चाखा.

खरेदी

पहिल्या प्रयोगासाठी तीन पाकिटं, प्रत्येकी शंभर ते दोनशे ग्रॅम: चिकमगळूर किंवा बाबाबुडनगिरीचा प्लांटेशन अरेबिका, वायनाड किंवा कोडगूचा रोबस्टा पार्चमेंट, आणि मॉन्सून्ड मलबार अरेबिका. तिन्ही अख्खे दाणे, दळलेले नकोत, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख हवी.

तिन्हींची भाजणी जवळपास सारखी असेल असं बघा: मध्यम, किंवा मध्यमहून थोडी गडद. याला कारण चक्कीत आहे. गडद भाजलेला दाणा ठिसूळ होतो आणि दळताना जास्त भुगा करतो. फिकट दाणा चिवट असतो, जाड राहतो. दोन्ही एकत्र दळले की एकाच चुऱ्यात पीठही असतं आणि खडेही. पीठ फिल्टरची भोकं बुजवतं आणि खड्यांची चव पाण्यात उतरतच नाही. आवडलेले दाणे वेगवेगळ्या भाजणीचेच मिळाले तर वेगवेगळे दळा आणि चुरा मिसळा.

ताजेपणाचंही बघायला हवं, पण अति ताजी कॉफीही त्रास देते. भाजल्यावर काही दिवस दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. कालच भाजलेली कॉफी फिल्टरमध्ये टाकलीत तर चुरा फुगून वर येतो आणि पाणी नीट खाली झिरपत नाही. पाच ते सात दिवस थांबून वापरायला घ्या आणि महिनाभरात संपवा.

वेगवेगळं डिकॉक्शन, मग चमच्याने मिश्रण

दाणे मिसळून दहा-दहा प्रमाणं करून बघायची म्हटली तर अर्धा किलो कॉफी आणि पंधरा दिवस जातील. त्याऐवजी तिन्हींचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली झिरपणारा कडक अर्क, वेगवेगळं काढायचं आणि कपात मिसळायचं. एका सकाळी सगळं कळतं.

प्रत्येक प्रकाराचे १५ ग्रॅम दाणे बारीक रव्याएवढे दळा. चक्कीवरची जाड-बारीक दळण्याची खूण तिन्ही वेळा तीच ठेवा. चुरा फिल्टरच्या वरच्या भांड्यात घालून हलकेच सपाट करा, चकती ठेवा, दाबू नका. उकळी आलेलं पाणी अर्धं मिनिट थांबू द्या. त्यातलं आधी २० मिलिलीटर ओतून चुरा भिजवा, अर्ध्या मिनिटाने उरलेलं ८० मिलिलीटर ओता, झाकण ठेवा. चुरा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून १०० मिलिलीटरमधून हातात सत्तरेक मिलिलीटर येईल. घरात फिल्टर एकच असेल तर एकामागून एक काढा आणि वाट्यांवर नावं लिहून ठेवा. डिकॉक्शन गार झालं तरी चालतं, कारण गरम दूध घालायचंच आहे.

आता औषधाबरोबर येते ती बिनसुईची सिरिंज किंवा मापाचं झाकण घ्या. प्रत्येक कपात २० मिलिलीटर डिकॉक्शन आणि ५० मिलिलीटर गरम दूध. साखर घालत असाल तर सगळ्या कपांत सारखी.

पहिली फेरी एकेकट्याची. तीन कप, तीन प्रकार. एक-एक घोट घ्या आणि तीन गोष्टी लिहा: नाकाला आधी काय आलं, जिभेवर वजन किती, गिळल्यावर मागे काय उरलं. "फळासारखी", "चॉकलेटसारखी" असे शब्द सुचले नाहीत तर अडू नका. भाजलेल्या शेंगदाण्याचं टरफल, काळा गूळ, सुकं खोबरं, चिंचेचं बुटुक, ओलं गोणपाट, जे आठवेल ते लिहा. पुढे तुम्हाला उपयोगी पडणार ते तुमचेच शब्द. एखादी कॉफी एकटी वाईट लागली तर ती मिश्रणात सुधारेल या आशेवर राहू नका. दहा टक्केसुद्धा गोणपाटाची चव अख्ख्या कपात जाणवते.

दुसरी फेरी जोडीची. अरेबिका आणि रोबस्टा: १४ आणि ६, १२ आणि ८, १० आणि १० मिलिलीटर. म्हणजे ७०:३०, ६०:४० आणि ५०:५०. दूध घातल्यावरही अरेबिकाचा वास आला पाहिजे आणि तरी घोट पाणचट लागता कामा नये, अशी जागा शोधायची आहे. माझी जागा ६० आणि ४० च्या आसपास येते. गायीचं पातळ दूध वापरणाऱ्यांची बहुधा ७०:३० कडे झुकेल.

तिसऱ्या फेरीत तिसरा दाणा आणा. १० अरेबिका, ६ रोबस्टा, ४ मॉन्सून्ड. हा कप मघाच्या जोडीच्या कपाशेजारी ठेवून प्या. वर दिलेल्या मापाने ७० मिलिलीटर डिकॉक्शनमध्ये या सगळ्या फेऱ्या बसतात, अरेबिका मात्र जेमतेम पुरतो. कॅफीनचा विचार करून कप संपवत बसू नका, घोटभरच घ्या आणि हे सगळं सकाळीच करा.

तिसऱ्याची खरंच गरज आहे का?

दोन दाण्यांच्या मिश्रणात तिसरा आणि तिसऱ्यात चौथा घालायचा मोह प्रत्येकाला होतो. मी एकदा पाच ठिकाणचे दाणे मिसळले होते. पाकिटावर लिहायला छान होतं, कपात मात्र कुणाचाच चेहरा ओळखू येईना.

यावर एक साधी परीक्षा आहे. घरातल्या कुणालातरी सांगा: तीन सारखे कप घे, दोनांत एक मिश्रण आणि एकात दुसरं, कोणत्यात काय ते मला सांगू नको. तुम्ही चाखून वेगळा कप ओळखायचा. नुसता अंदाज केला तरी तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून ही परीक्षा चार-पाच वेळा करा. बहुतेक वेळा वेगळा कप ओळखता आला नाही तर तिसरा दाणा कपात काही काम करत नाही, त्याला सोडून द्या. ओळखता आला तर पुढचा प्रश्न विचारा, वेगळा आहे तो आवडतो का?

आता दाणे मिसळा

कपात जुळलेलं प्रमाण दाण्यांत जसंच्या तसं उतरतंच असं नाही. एकत्र दळल्यावर भुग्याचं प्रमाण बदलतं आणि पाणी झिरपायला लागणारा वेळही. म्हणून खात्रीसाठी एकदा खऱ्या मिश्रणाचा फिल्टर लावा: १० ग्रॅम अरेबिका, ६ ग्रॅम रोबस्टा, ४ ग्रॅम मॉन्सून्ड, पाणी १२० मिलिलीटर. भिजवायला ३०, मग ९०. ऐंशीच्या आसपास डिकॉक्शन मिळेल. दोन कडक कप होतात, बेताचे केले तर तीन.

पंधरा-वीस मिनिटांत झिरपून झालं तर दळणं जमलं. अर्धा तास होऊनही वर पाणी साचलेलं असेल तर चुरा बारीक आहे किंवा चकती दाबली गेली आहे. पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर चुरा जाड आहे, आणि ती पाणचट कॉफी पिऊन मिश्रणाला दोष देऊ नका. प्रमाण बदलण्याआधी दळण तपासायचं हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, कारण दळणाच्या चुकीपायी मी एक चांगला वायनाड रोबस्टा महिनाभर बाजूला ठेवला होता.

दोष कपातच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीही दहा टक्क्यांनी. त्याहून कमी फरक दुधात सहसा कळत नाही. घसा कोरडा करणारा कडवटपणा आला तर रोबस्टा दहा टक्के कमी करून अरेबिका वाढवा. वास छान पण घोट रिकामा लागतो, तर उलट. आंबटपणा टोचतो, अगदी दूध फाटल्यासारखं वाटतं, तर अरेबिका दहा टक्के कमी करून मॉन्सून्ड वाढवा. सगळंच मंद, गढूळ लागत असेल तर मॉन्सून्ड जास्त झाला आहे, नाहीतर दाणे शिळे आहेत.

पाण्याकडेही लक्ष द्या. मुंबईचं तलावाचं पाणी सौम्य असतं. बोअरचं जड पाणी अरेबिकाचा आंबटपणा मारून टाकतं. मुंबईत बसवलेलं प्रमाण मी माहेरी बोअरच्या पाण्यात केलं तेव्हा खडूसारखं सपाट लागलं. तिथे पाणीच बदलणं बरं, प्रमाणाशी खेळून ते फारसं सुधारत नाही.

साठवण करताना मी केलेली चूक तुम्ही करू नका. सुरुवातीला मी २५० ग्रॅमचं मिश्रण एकदम करून बरणीत भरायचे: १२५, ७५ आणि ५० ग्रॅम. बरणी रोज हलते, लहान दाणे तळाशी जातात, मोठे फुगलेले मॉन्सून्ड वर राहतात. पहिल्या आठवड्याची कॉफी एक आणि शेवटच्या आठवड्याची दुसरीच. आता तीन हवाबंद डबे वेगळे ठेवते आणि रोज सकाळी वीस ग्रॅम मोजून चक्कीत घालते. काट्याचा एक मिनिट जातो, पण कप रोज तोच येतो. पावसाळ्यात तर डबे छोटेच ठेवा, उघडझाक कमी, आणि डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नका.

चिकोरी

चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफीन नाही. कॉफीच्या मानाने तिचा फार मोठा भाग पाण्यात विरघळतो, म्हणून वीस टक्के चिकोरी कपात वीस टक्क्यांपेक्षा खूप जास्त बोलते. रंग, दाटपणा आणि जळक्या साखरेसारखा गोडवा देते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं, ते वाचून घ्या.

मी चिकोरीच्या विरोधात नाही. पण तिला सगळ्यात शेवटी बोलवा. दाण्यांचं मिश्रण जमल्यावर, दळून झालेल्या १८ ग्रॅम चुऱ्यात २ ग्रॅम चिकोरी, म्हणजे दहा टक्के, घालून बघा. आधी घातली तर ती सगळ्यांवर पांघरूण घालते आणि कोणता दाणा कमी पडतो आहे ते कळतच नाही. ती हवेतली ओल भराभर ओढते आणि डब्यात दगड होते, म्हणून पन्नास ग्रॅमहून जास्त आणू नका.

काळी पिणाऱ्यांसाठी आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी

कागदी फिल्टरमधून काळी कॉफी पीत असाल तर वरचं गणित उलटं होतं. दूध नसल्यामुळे रोबस्टाची गरज कमी होते, मी तो अजिबात घालत नाही. बाबाबुडनगिरीचा धुतलेला अरेबिका ७० आणि अराकूचा फळासकट वाळवलेला ३० ही माझी आवडती जोडी. पहिला स्वच्छ आंबटपणा देतो, दुसरा पिकलेल्या फळाचा गोडवा. १५ ग्रॅमला २४० मिलिलीटर पाणी.

परदेशात भारतीय रोबस्टा शोधणं कठीण पडतं. तिथे ब्राझीलचा उन्हात वाळवलेला अरेबिका अंगासाठी, सुमात्राचा मॉन्सून्डच्या मातकट जागेवर, आणि इथिओपियाचा धुतलेला वासासाठी घ्या. जगातलं सगळ्यात जुनं मिश्रण म्हणून ज्याचं नाव घेतात ते मोखा-जावाही याच विचाराचं आहे: येमेनचा वास आणि जावाचं अंग.

दरवर्षी एकदा सगळं पुन्हा चाखावं लागतं. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची त्याच्या मागून, आणि मॉन्सून्ड पावसाळा संपल्यावर तयार होतो. नवं पीक दुकानात आलं की मागच्या वर्षीचं प्रमाण थोडं हलतंच. माझ्या वहीत सध्या शेवटची नोंद अशी आहे: "चिकमगळूर ए ५०, वायनाड पार्चमेंट ३०, मॉन्सून्ड २०, चिकोरी नाही. म्हशीचं दूध. मागे काळा गूळ उरतो. पुढच्या वेळी रोबस्टा ४०, मॉन्सून्ड १० करून बघणे."